मिणमिण्या

दारामागच्या खुंटीला आमच्याकडे तिघं लटकलेले असतात. छत्री, दळणाची पिशवी आणि मिणमिण्या. छत्रीचा हंगाम ठरलेला, पिशवीचा वार ठरलेला. मिणमिण्याला बोलावणं कधी येईल याचा नेम नसतो. माळ्यावरून सॅक खाली आली की ते त्याला कळत असावं, असं मला उगीच वाटतं. कारण नेमका त्याच दिवशी त्याचा पट्टा छत्रीच्या काड्यांत गुंतलेला सापडतो आणि काढता काढता दोघांची समजूत घालावी लागते.

मिणमिण्या म्हणजे माझा हेडटॉर्च. गावाकडच्या भाषेत डोसक्याची बॅटरी. वय बारा वर्षं. वजन सेलांसकट नव्वद ग्रॅम, म्हणजे बाजारातली दोन बरी लिंबं. बटण एकच, गोंड्यासारखं माथ्यावर बसलेलं. पट्टा घेतला तेव्हा नारिंगी होता. आता त्याचा रंग घाम, लाल माती आणि खोबरेल तेल यांची बेरीज करून जो येईल तो. मध्ये एकदा धुतला तर खालून पुन्हा नारिंगी निघाला आणि घरात परका माणूस येऊन बसल्यासारखं झालं. त्यानंतर धुतलेला नाही.

तोंडावर डोळा एकच. बंद असताना त्यात नीट पाहिलं की मधोमध पिवळा ठिपका दिसतो, हळदीचं बोट लावल्यासारखा. त्या ठिपक्याखालचा दिवा मुळात निळा आहे. वरच्या पिवळ्या थरातून बाहेर पडताना त्यातल्या काही उजेडाचा पिवळा होतो, उरलेला निळाच राहतो, आणि दोन्ही मिसळून आपल्याला पांढरा दिसतो. लाल आणि हिरवे एलईडी कधीचे आले होते. चांगला निळा मात्र कितीतरी वर्षं कुणाला जमत नव्हता. तो ज्यांनी जमवला त्या इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. दिसायला गरीब असला तरी मिणमिण्याचं घराणं असं मोठं आहे.

नाव मी ठेवलेलं नाही. ट्रेकच्या ग्रुपमधल्या पोरांनी ठेवलं, आणि कौतुकानं मुळीच नाही. ते समजायचं तर आधी राणाची गोष्ट सांगितली पाहिजे.

मिणमिण्याच्या आधी माझ्याकडे राणा होता. फुटपाथवर घेतलेला, साडेतीनशे रुपयांचा. खोक्यावर एकावर पाच शून्यं आणि पुढे 'लुमेन' असं लिहिलेलं. लुमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं माप. घरातला जुना साठ वॉटचा बल्ब सातशे-आठशे लुमेन देतो. त्या हिशोबानं माझ्या कपाळावर सव्वाशे बल्ब लागणार होते. हा गुणाकार मी फुटपाथवर केला नाही, घरी येऊनही केला नाही. गॅलरीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर झोत मारून पाहिला. टाकीवरचा कावळा उठला, आणि मी खूश झालो. सगळा राणा भीमदेवी थाट होता. म्हणून तो राणा. मागे टाळूखाली दोन जाड सेलांची डबी. हा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, म्हणून त्याचं नावच १८६५०. पुढे दिवा, मागे डबी, अशी डोक्याला कावड बांधल्यासारखी गत.

जुलै महिन्यात राजगडावरून चोर दरवाजानं गुंजवण्याला उतरत होतो. उशीर आमचाच झाला होता. अंधार पडला, ढग खाली आले, आणि मी ऐटीत राणाला पेटवलं. पुढे वाट दिसण्याऐवजी दोन हातांवर एक पांढरी भिंत उभी राहिली. झोत वाढवला तशी भिंत आणखी पांढरी झाली. धुक्यातल्या थेंबांवर आपटून उजेड आला तसा मागे फिरतो, आणि दिवा डोळ्यांच्या वर दोन बोटांवर असला की फिरलेला उजेड थेट डोळ्यांतच येतो. घाटात गाडी चालवणारा माणूस धुकं लागलं की मोठा दिवा कमी करतो, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या कपाळाला ते ठाऊक नव्हतं. त्यातच उतारावर दर उडीला डबी मागे ओढायची, की पुढचा दिवा आभाळाकडे बघायचा. आणि अर्ध्या वाटेत, काही पूर्वसूचना न देता, राणा एकदम गेला. मिणमिणला नाही, पिवळा पडला नाही. असल्या सेलांत चार्ज संपत आला की आतलं संरक्षण उजेड तोडूनच टाकतं, असं मला पुढे कळलं. त्या वेळी फक्त एवढंच कळलं, की डावीकडे कडा आहे आणि तो नेमका किती डावीकडे आहे ते दिसत नाही.

आम्हाला खाली आणलं ते ग्रुपमधल्या एका पोराच्या साध्या हातातल्या बॅटरीनं. तो ती गुडघ्याजवळ धरून चालत होता. ते पाहून मला आजोबा आठवले. त्यांच्याकडे एव्हरेडीची जीवनसाथी होती, पितळी, तीन सेलची. सेल उतरले की आजी ते ओट्यावर उन्हात ठेवायची आणि आजोबा संध्याकाळी ठोकून पुन्हा आत घालायचे. वाडीतून घरी येताना त्यांचा हात कधी कमरेच्या वर गेला नाही. झोत जमिनीलगत, आडवा. म्हाताऱ्या माणसाचा हात दुखत असेल, असं मला वाटायचं. राजगडच्या उतारावर कळलं, की दिवा खाली धरला की प्रत्येक दगडाची सावली लांब पडते आणि दगड किती उंच, खड्डा किती खोल ते त्या सावलीवरून समजतं. दिवा डोळ्यांजवळ असला की प्रत्येक सावली आपापल्या दगडामागे लपते. सगळी वाट कागदावर काढल्यासारखी सपाट दिसते, आणि सपाट म्हणून टाकलेलं पाऊल वीतभर खाली जातं.

कपाळावरच्या प्रत्येक दिव्याला हा दोष जन्मजात असतो. तरीही मी पुन्हा कपाळावरचाच घ्यायचं ठरवलं, कारण चोर दरवाज्याच्या खालच्या टप्प्यावर दोन्ही हात कातळाला लागतात आणि तो पोरगा तेवढा टप्पा बॅटरी दातांत धरून उतरला होता.

या वेळी विचारून घेतला. आमच्यात एक ताई आहेत, माझ्या दुप्पट वर्षं डोंगरात हिंडलेल्या. त्या म्हणाल्या, "सगळ्यात जास्त किती ते दुकानदाराला विचारू नकोस, ते तो आपणहून सांगतो. सगळ्यात कमी किती, ते विचार."

दुकानातल्या मुलाला हा प्रश्न कुणी विचारलेला नसावा. "कमी कशाला हवाय सर?" असं म्हणत तो खोकी उलटीपालटी करू लागला. मी ताईंनी पढवलेलं मनात घोकत होतो. खोक्यावर शंभर मीटर लिहिलेलं असलं तर शंभर मीटरवरचा माणूस ओळखू येईल असं समजायचं नाही. एफएल-१ नावाचं एक अमेरिकी मानक २००९ साली आलं, त्याप्रमाणे ते अंतर म्हणजे जिथे उजेड पाव लक्स उरतो ती जागा, मोकळ्या माळावरच्या पौर्णिमेच्या चांदण्याइतका. 'चाळीस तास चालतो' याचा अर्थ चाळीस तासांनी सुरुवातीच्या उजेडाचा दहावा हिस्सा उरतो. मधल्या वेळी तो कसकसा उतरत गेला ते खोकं सांगत नाही. आणि झोत दुप्पट लांब टाकायचा तर उजेड चौपट लागतो, म्हणजे सेल चौपट वेगानं रिकामे होतात. पायवाटेनं चालायला पुढची आठ-दहा पावलं दिसली तरी पुरतं. त्याला पन्नास-साठ लुमेन रग्गड झाले.

शेवटी मुलगा आतून एक धुळकट खोकं घेऊन आला. "हा जुना स्टॉक आहे. जास्तीत जास्त दीडशे. कमीत कमी सहा." दीडशेला 'फक्त' आणि सहाला 'नुसता' असा त्याचा स्वर होता. चहाच्या कपात बोट बुडवून मी ओल्या बोटानं बटण दाबून पाहिलं, पट्टा बांधून मान झटकली, दुकानाच्या जिन्याखालच्या अंधारात जाऊन उभा राहिलो. सहा लुमेनमध्ये जिन्याखालचा झाडू, पोतं आणि त्यावर झोपलेलं मांजर दिसलं. मांजरानं मान वर केली, बघितलं आणि पुन्हा झोपलं. मला तेवढं प्रशस्तिपत्र पुरलं. खोक्यावर आयपीएक्स-४ होतं, म्हणजे कुठूनही पाणी उडालं तरी चालेल, बुडवायचं मात्र नाही. सेल तीन, टीव्हीच्या रिमोटला लागतात ते बारके. चार्जिंगचे दिवे जास्त नवे आणि स्वस्तात पडणारे होते, पण डोंगराखालच्या वाडीतल्या किराणा दुकानात बिस्किटांच्या बरणीशेजारी रिमोटचे सेल मिळतात, चार्ज मिळत नाही.

पुढच्याच ट्रेकला पोरांचे तीनशे-चारशे लुमेनचे झोत आभाळात फिरत असताना मी आपला पायांपुढे चटईएवढा पिवळट उजेड घेऊन चाललो होतो. तेव्हा बारसं झालं. "काय काका, मिणमिण्या आणलात वाटतं!"

मिणमिण्याचा स्वभाव हळूहळू कळत गेला. तो फार आज्ञाधारक आहे, इतका की त्याचा त्रास होतो. तुम्ही बघाल तिकडे तो बघतो, तुम्ही बघणार नाही तिकडे तो कधीच बघत नाही. चालताना कुणी हाक मारली आणि मान वळवली, की समोरच्याच्या डोळ्यांत झोत. राजगडावर मी राणाच्या झोतानं निम्म्या ग्रुपला आंधळं केलं होतं. अंधाराला डोळे पुरते सरावायला अर्धा तास लागतो आणि ती कमाई एका झोतात जाते. मिणमिण्यामुळे मला मान न वळवता बोलायची सवय लागली. आता दिवसाही लोकांना वाटतं, हा माणूस रागावलाय की काय.

त्याचं मित्रमंडळ सगळं किड्यांचं. पहिल्या पावसानंतर त्याला पेटवून चुलीजवळ पोह्यांची ताटली घेऊन बसलात, तर पोह्यांतली मोहरी कोणती आणि पाखरं कोणती ते सांगता येणार नाही. तेव्हा त्याला काढून लांब दगडावर ठेवायचं, किंवा लाल करायचं. त्याच्या पोटात एक छोटा लाल दिवा आहे. लाल उजेडाकडे पाखरं फारशी येत नाहीत आणि अंधारात बघणाऱ्या आपल्या डोळ्यांतल्या पेशीही त्यानं बिघडत नाहीत. तंबूत शेजाऱ्याला न उठवता चष्मा शोधायचा तर लालच बरा. फक्त लाल उजेडात नकाशावरच्या लाल रेघा दिसत नाहीत, हे एकदा मी पाऊण तास चुकीच्या धारेवर चालल्यावर शिकलो.

आणखी एक वाईट खोड म्हणजे सॅकेत आपोआप पेटणं. पाण्याच्या बाटलीनं बटण दाबलं जातं आणि मुक्कामी पोचेपर्यंत साहेबांनी माझ्या बनियनवर प्रकाश टाकत निम्मे सेल संपवलेले असतात. म्हणून प्रवासात एक सेल काढून ठेवायचा. पावसाळ्यानंतर खुंटीला टांगताना तिन्ही काढायचे, नाहीतर सेल पाझरून आत पांढरी बुरशी धरते. पण मरायची वेळ आली की मिणमिण्या राणासारखा दगा देत नाही. तासभर आधीपासून उतरत जातो, पिवळा पडतो, घरातलं म्हातारं माणूस आवराआवर करायला लागतं तसा. तुम्हाला बसायला सपाट दगड आणि सॅकच्या कप्प्यातले नवे सेल शोधायला तेवढा वेळ मिळतो.

डोळ्यांजवळ असणं हा त्याचा दोष म्हणून मी वर सांगितला, पण त्याच दोषापोटी तो एक गोष्ट दाखवतो जी आजोबांच्या जीवनसाथीला कधी दिसली नाही. रात्री फिरणाऱ्या पुष्कळ जनावरांच्या डोळ्यांत मागे आरशासारखा पडदा असतो. त्यावर पडलेला उजेड आल्या वाटेनंच परत जातो. त्यामुळे दिवा आपल्या डोळ्यांच्या अगदी जवळ असेल तरच ती चमक आपल्यापर्यंत पोचते. गवतातून चालताना पायाशी हिरवट दवबिंदू चमकतात. वाकून बघावं तर ते कोळी असतात, पिल्लाच्या नखाएवढे. गाडीरस्त्यावर पुढे निखारा पडल्यासारखा दिसतो आणि जवळ गेल्यावर पंख पसरून उडून जातो, तो रातवा. आपण अंधारात एकटे चाललोय असं आपल्याला वाटत असतं. मिणमिण्या कपाळावर आला की किती जण बघताहेत ते कळतं.

त्याच्या नातलगांची एक फळी खाणीतली. चंद्रपूर-बल्लारपूरकडच्या जमिनीखालच्या कोळसा खाणीत उतरणाऱ्या माणसाच्या टोपीवर दिवा असतो. कितीतरी वर्षं त्याची वायर पाठीवरून कमरेच्या बॅटरीपर्यंत गेलेली असायची. विजेच्या आधी खाणकामगारांच्या टोपीवर कार्बाइडचे दिवे होते. खड्यांवर पाणी ठिबकायचं, गॅस निघायचा, तो जळायचा. आपल्या जत्रांतल्या खेळण्यांच्या गाड्यांवर फुसफुसणारी कार्बाइडची बत्ती त्याच घरातली. दुसरी फळी डोंगरातली. गुहा आणि कडे चढणाऱ्यांसाठी दिवे करणारी पेत्झल ही फ्रेंच कंपनी. तिनं २००० साली एलईडीचा सुटसुटीत दिवा आणला आणि त्याचं नाव ठेवलं टिक्का. पुढे आणखी लहान एक काढला, तो बिंदी. कपाळावर काय लावायचं हे फ्रान्समध्येही कुणाला तरी आपल्यासारखंच सुचलेलं दिसतं.

पण त्याची खरी भाऊबंदकी शेतात आहे. शेताला थ्री-फेज रात्री येते, तेव्हा माणूस रात्री दारं मोडायला जातो. हातात फावडं, पायाखाली चिखल, बांधावर काय पडलंय त्याचा भरवसा नाही. आठवडी बाजारात पाटीवर कांद्यालसणाच्या शेजारी असल्या डोक्याच्या बॅटऱ्या मांडलेल्या असतात त्या आमच्यासारख्या हौशी लोकांसाठी नसतात.

हे मला नीट समजलं ते पाचनईला. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं गाव, डिसेंबरची रात्र. सकाळी गड चढायचा म्हणून आम्ही एका घराच्या पडवीत झोपलो होतो. मध्यरात्र उलटल्यावर घरचे मामा पायाशी येऊन बसले.

"दादा, उठा जरा. ती डोसक्याची बॅटरी हाय ना तुमची? गाय अडलीया."

गोठ्यात एकच बल्ब, तोही दारावर. गाईमागे बसलं की स्वतःचीच सावली कामावर पडत होती. मामी मोबाइलचा उजेड धरून उभ्या होत्या, पण गाय हलली की मोबाइल हलत होता. त्या भागातली डांगी गाय, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. मी म्हटलं, "मामा, मी धरतो ना उजेड."

"नको. तुमी बघशीला तिकडं उजेड जाईल. मला माझ्या हाताखाली लागतो."

मी मिणमिण्या काढून दिला, घाईत पूर्ण दीडशेवर पेटवून. मामांनी टोपीवरून पट्टा ओढला, मान वर केली, आणि गाईचे दोन्ही डोळे हिरवे लखकन पेटले. तिनं दाव्याला हिसडा दिला.

"बारीक करा, बारीक! बिथरंल ती."

मी दोनदा बटण दाबलं. सहा लुमेन. गोठा पुन्हा अंधारात गेला आणि मामांच्या हाताभोवती परातीएवढा उजेड उरला. त्यात वासराचा एक खूर दिसत होता. दोन दिसायला हवे होते, आणि त्यांवर नाक. एक पाय आत दुमडलेला. मामांनी हाताला तेल लावलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. त्यांचे डोळे मिटलेले होते. आता बघायचं काही नव्हतंच. मिणमिण्या मात्र मामांच्या मिटल्या डोळ्यांवर तसाच जागा होता. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग दुसरा खूर आला, मग नाक, आणि मग सगळंच एकदम, ओलं, वाफाळतं, पेंढ्यावर.

"कालवड," मामी म्हणाल्या.

आम्ही येऊन झोपलो. मामा वार पडेपर्यंत गोठ्यातच बसले. सकाळी चहाबरोबर मिणमिण्या परत आला, पुसलेला. "लई शाणी बॅटरी," मामा म्हणाले. "कमी व्हतीया." बारा वर्षांत त्याची तारीफ एवढ्या एकाच माणसानं केली, आणि तीही दुकानदाराला ज्याची लाज वाटत होती त्या गुणाची.

गड चढायला लागलो तेव्हा अजून पुरतं उजाडलं नव्हतं. मिणमिण्या कपाळावर ठरेना, दर पन्नास पावलांना घसरून नाकावर यायला लागला. थांबून पाहिलं तर पट्टा मामांच्या टोपीवरून बसेल एवढा सैल केलेला होता. बकलाखाली इतकी वर्षं दडलेली दोन बोटं जागा उघडी पडली होती, अगदी कोरी नारिंगी. आवळून माझ्या मापाचा केला की ती पुन्हा झाकते. म्हणून चालताना आवळतो, आणि घरी आल्यावर दारामागे टांगताना पट्टा पुन्हा मामांच्या मापाचा करून ठेवतो.